कललेल्या शिडाच्या बोटीत पाणी नेमके कोठून शिरते?

प्रश्न
माझ्या फायबरग्लासच्या ३० फुटी शिडाच्या बोटीत प्रत्येक फेरीनंतर बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) बादलीभर पाणी साचते, मात्र बोट नांगरावर उभी असताना ते वाढत नाही. पाणी कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) बोल्टांभोवतीच दिसत असल्यामुळे तेथूनच झिरपत असावे, अशी धास्ती वाटते. बोट पाण्याबाहेर काढण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद
एवढ्यावरून बोल्टांना दोष देऊ नये. ती सर्वांत खोल जागा असल्यामुळे कोठूनही आत आलेले पाणी शेवटी तेथेच पोहोचते. आधी बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा, नाहीतर जुने मीठ विरघळून पावसाचे पाणीही खारे भासेल. नव्याने साचलेले पाणी जिभेवर मुळीच घेऊ नका, कारण त्यात डिझेल किंवा मैला असू शकतो. ते काळ्या ताटलीत वाळवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने पांढरा थर स्पष्ट दिसतो. पाणी गोडे निघाल्यास पिण्याच्या पाण्याची टाकी, तिच्या नळ्या आणि डोलकाठीतून उतरणारा पाऊस यांकडे वळा. खारे असल्यास प्रत्येक सीकॉकखाली (बोटीच्या कवचातील छिद्रावरच्या झडपेखाली), बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याच्या सीलखाली आणि सुकाणूच्या दांड्याभोवती टिश्यू कागद अंथरून इंजिन बंद, इंजिन चालू, डावीकडे कल आणि उजवीकडे कल अशा चारही स्थिती स्वतंत्रपणे तपासा.

प्रश्नकर्ता
आपल्या सूचनेनुसार तपासणी केली. पाणी खारे आहे, इंजिन चालवूनही कागद कोरडे राहिले. परंतु वारा डावीकडून घेऊन बोट उजवीकडे कलली की पाणी येते. बिल्ज पंपाच्या नळीचे बाहेरचे तोंड उजव्याच अंगाला, जलरेषेच्या वीतभर वर आहे.

दुसरा प्रतिसाद
मग माझा पहिला संशय त्या तोंडावरच आहे. कलल्यावर ते पाण्याखाली जाते आणि नळीचा वळसा पुरेसा उंच नसेल, तर पंप बंद असतानाही समुद्राचे पाणी उलट आत वाहते. बोट कललेली असताना सोबत्याला पंपाजवळ बसवा. पंपाच्या जाळीतून पाणी वर येताना दिसले की शंका उरत नाही. केवळ एकदिशा झडप बसवून समाधान मानू नका, कारण कचरा अडकल्यास ती उघडीच राहते. नळीचा वळसा कललेल्या स्थितीतील जलरेषेच्याही वर न्यावा आणि त्याच्या माथ्यावर हवेची झडप बसवावी, हाच खात्रीचा उपाय आहे.

तिसरा प्रतिसाद
जाळी कोरडी राहिली, तर उजव्या अंगाचा डेक आणि कवच यांचा सांधा पाहावा. तेथून आलेले पाणी आतील अस्तरामागून बरेच अंतर वाहत जाते, म्हणून डाग दिसतो तेथे छिद्र असेलच असे नाही. झरोके बंद करून ब्लोअरने आत किंचित हवेचा दाब निर्माण करावा आणि बाहेरून सांध्यावर साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. एवढे होईपर्यंत प्रत्येक सीकॉकजवळ त्याच्या मापाची लाकडी खुंटी बांधून ठेवा, कारण जलरेषेखाली ६० सेंटीमीटरवर असलेल्या २५ मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत येऊ शकते. कीलच्या सांध्यावर भेग, बोल्टांवर गंज किंवा खालून तांबूस ओघळ दिसल्यास मात्र बाकीची चाचणी थांबवून बोट लगेच बाहेर काढावी.