टीव्हीवरची आर्थिक चर्चा पाहताना कोणता आकडा कसा ताडून पाहता? (खान्देशातल्या प्रेक्षकांसाठी अनुभव धागा)

धागा सुरू करणारी, अमळनेर

अर्थसंकल्प आला किंवा निवडणूक लागली की रात्री वाहिन्यांवर अर्थव्यवस्थेची चर्चा बसते. प्रत्येक पक्षाच्या प्रवक्त्याच्या हातात आकडे असतात आणि ते एकमेकांना छेद देतात. घरात पहिली प्रतिक्रिया उमटते ती "यातला एक जण खोटं बोलतोय" अशी. पण बऱ्याचदा दोन्ही आकडे खरे असतात, मापं वेगळी असतात. तेव्हा आपापल्या धंद्यातलं लिहा: चर्चेत कोणतं वाक्य येतं, त्यामागे कुठलं माप आहे आणि ते कसं तपासायचं. पक्षांची नावं नकोत, आपबीती नको.

सुरुवात जीडीपीपासून करते. "अर्थव्यवस्था इतक्या लाख कोटींची झाली" हा आकडा चालू किमतींतला असतो, म्हणजे त्यात महागाईही धरलेली असते. "वाढीचा दर इतके टक्के" हा मात्र स्थिर किमतींतला, महागाई वजा केलेला. जगातला क्रमांक डॉलरमध्ये लागतो, म्हणून तो रुपयाच्या दराबरोबरही हलतो. एकाच प्रवक्त्याने एका दमात तिन्ही वापरले तर कागदावर तीन रकाने पाडा. एका रकान्यातल्या आकड्याची तुलना त्याच रकान्यातल्या आकड्याशी करायची.

कापूस उत्पादक, चोपडा तालुका

ठरलेलं वाक्य: "आम्ही खर्चाच्या दीडपट हमीभाव दिला." त्यावर समोरून: "दीडपट दिलाच नाही." वाद फक्त खर्च कोणता धरायचा एवढाच आहे.

ए-२ म्हणजे बी, खत, औषध, मजुरी, डिझेल असा खिशातून गेलेला खर्च. एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या कामाची धरलेली मजुरी. सी-२ मध्ये यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज येतं. सरकार ए-२ अधिक एफएलवर दीडपट करतं, स्वामिनाथन आयोगाचं नाव घेऊन बोलणारे सी-२ वर मागतात. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला होता. त्याची दीडपट ७,७१०, आणि तोच त्या वर्षीचा हमीभाव. लांब धाग्याला ८,११० होता. म्हणजे "दीडपट दिला" हे त्या व्याख्येत बरोबर आहे. पण ५,१४० ही देशाची सरासरी. बागायती शेताचा आणि कोरडवाहू शेताचा क्विंटलमागचा खर्च एक कसा असेल? एकरी खर्च थोडाफार जवळ असतो, उतारा निम्म्यावर आला की क्विंटलचा खर्च दुप्पट होतो.

दुसरं, जाहीर झालेला भाव हातात पडेलच असं नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात होते आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. १२ टक्के ओलावा असेल तर ८,११० मधून ३२४ रुपये ४० पैसे गेले, उरले ७,७८५ रुपये ६० पैसे. दव उडायच्या आत वेचलेला कापूस इथेच मार खातो. वेचणी दव सुकल्यावर करावी आणि माल दोन-तीन दिवस पातळ पसरून उन्हात द्यावा. ढीग लावला की वरचा कापूस कोरडा दिसतो, मीटर आत खुपसला की ओलावा निघतो. शिवाय सातबाऱ्यावर कापसाची पीक नोंद हवी, ई-पीक पाहणी राहून गेली की केंद्राच्या दारातच अडतं. चर्चेत हे कोणी विचारत नाही. खरा प्रश्न असा हवा: जाहीर भावाने किती क्विंटल खरेदी झाली आणि एकूण पिकातला तो किती हिस्सा?

जिनिंगमधला, जामनेर

भाऊंनी हमीभाव मांडला, मी आयात शुल्काचं मांडतो. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उठवलं. चर्चेत एक जण म्हणाला की सूतगिरण्यांना दिलासा मिळाला, दुसरा म्हणाला की शेतकऱ्याचा भाव पाडला. दोन्ही एकाच गोष्टीच्या बाजू आहेत. बाहेरची रुई (सरकी म्हणजे बी काढलेला कापूस) स्वस्त पडली की इथल्या खंडीच्या दरावर दाब येतोच, आणि नेमकं ते आपल्या वेचणीच्या महिन्यांत आलं.

दाब किती, हे स्वतः काढता येतं. एक खंडी ३५६ किलो रुईची. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. समजा खंडी ५४,००० आणि सरकी किलोला ३५ रुपये. ५४,००० भागिले ३५६ म्हणजे किलोला १५१ रुपये ७० पैशांच्या आसपास. त्याचे ३४ किलोचे ५,१५७. सरकीचे २,२४०. बेरीज ७,३९७. यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक, व्याज वजा केलं की व्यापाऱ्याला परवडणारा भाव कळतो. लक्षात ठेवायला सोपं: खंडी हजार रुपयांनी हलली तर क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये हलतात, सरकी किलोला एक रुपयाने हलली तर ६४ रुपये. टीव्हीवर सगळं बोलणं रुईवर होतं. ढेप (सरकीची पेंड) आणि तेलाची मागणी पडली तर सरकीच भाव खाली ओढते, हे तिथे येतच नाही.

किराणा दुकान, धुळे

"महागाई खाली आली" यावर ग्राहकांची प्रतिक्रिया सगळ्यात तिखट असते, कारण दुकानात भाव तेच असतात. दर उतरणं म्हणजे भाव उतरणं नव्हे. १०० ची वस्तू ११० झाली, पुढच्या वर्षी ११२ झाली. महागाईचा दर १० वरून दोनच्याही खाली आला, वस्तू मात्र १२ रुपयांनी महागच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्के नोंदली गेली. आदल्या वर्षी त्याच महिन्यात भाजीपाला कडाडलेला होता, त्यामुळे तुलनेत आकडा फार खाली दिसला. म्हणून आकडा ऐकला की मागच्या वर्षीचा तोच महिना आधी पाहावा.

आणि टोपली कोणाची? २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या महागाईच्या मालिकेत खाण्यापिण्याला देशभरात ४५.८६ टक्के वजन होतं, पण ग्रामीण भागात ५४.१८ आणि शहरी भागात ३६.२९. साक्री-शिरपूरकडच्या खेड्यातल्या माणसाने ग्रामीण रकाना वाचावा. पडद्यावर बहुतेक वेळा एकत्रित आकडा असतो. शाळेची फी, दवाखाना यांचा वेगळा गट असतो, तोही उघडून बघा.

सराफ बाजार, जळगाव

सोनं महागलं की चर्चेत सरळ सरकारवर किंवा सरळ जगावर ढकलतात. भाव चार तुकड्यांचा आहे: डॉलरमधला भाव, रुपयाचा दर, आयात शुल्क, जीएसटी. एक औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. उदाहरण: औंस ३,००० डॉलर, डॉलर ८५ रुपये. दहा ग्रॅमचे ८१,९८४ रुपये. शुल्क ६ टक्के धरलं तर ८६,९०३. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ८९,५१० च्या आसपास. मजुरी वेगळी. शुल्क जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं होतं. एकेक तुकडा जागचा हलवून पाहिला की कोणामुळे किती वाढलं ते लगेच समजतं.

ठिबक-पाईप विक्री, पाचोरा

जीएसटीवर थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि शेतीचे ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आले. पीव्हीसी पाईप आणि रासायनिक कीटकनाशकं १८ वरच. त्यामुळे "शेतीचा कर कमी झाला" आणि "शेतकऱ्याला फरक पडला नाही" ही दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या बिलांवर खरी आहेत. बिलात कर आणि मूळ किंमत वेगळी असते. जुनं-नवं बिल शेजारी ठेवून मूळ किंमत तर वाढवली नाही ना, ते पाहावं. दुकानदाराला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेता येते, नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला येत नाही. हा मुद्दा चर्चेत यायलाच हवा, आणि तो येत नाही याची खंत वाटते.

केळी बागायतदार, रावेर

हमीभावावर तासभर चर्चा होते. तो २२ पिकांना जाहीर होतो, त्यात केळी नाही. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन म्हणजे भावाची हमी नव्हे. केळीवाल्याने चर्चेतून दोनच गोष्टी टिपाव्यात: निर्यातीचं काय आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याचे निकष काय.

सर्वेक्षणाच्या कामातली, शहादा

बेरोजगारी. एक जण ३.२ टक्के सांगतो, दुसरा पाचच्या वर. ३.२ हा २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणाचा, वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीचा आकडा आहे. एप्रिल २०२५ पासून मासिक आकडे येतात, ते चालू साप्ताहिक स्थितीचे. पहिलाच ५.१ आला होता. साप्ताहिक मापात मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही रोजगारात. काम शोधणं सोडलेला माणूस तर बेरोजगारांतही नाही, तो श्रमबलाच्याच बाहेर गेला. म्हणून बेरोजगारीबरोबर श्रमबल सहभागाचा दर आणि पगारी नोकरदारांचं प्रमाण मागावं. धडगाव-अक्कलकुव्याची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे ती रोजगारातच मोजली जातात. रोजगार आहे, पण गावात नाही. हे एका टक्केवारीतून कधीच दिसणार नाही.

लेखा विभागातून निवृत्त, भुसावळ

राज्याच्या कर्जावर बोलताना दोन तुटी एकमेकींत मिसळतात. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी दाखवला होता. फरक ४५,८९१ कोटी, ही महसुली तूट. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी, म्हणजे वर्षाचं ढोबळ नवं उसनं. पहिली पगार, व्याज, अनुदानं यांतून पडते, दुसरीत धरणं-रस्तेही येतात. पहिली ही दुसरीच्या एक तृतीयांश असेल, तर तेवढं कर्ज रोजच्या खर्चाला जातंय असं वाचायचं.

ताई, शहाद्याच्या मुद्द्याला जोडून एक. पडद्यावर "नाशिक विभाग" म्हणून आकडा आला तर त्यात धुळे, नंदुरबार, जळगावबरोबर नाशिक आणि अहिल्यानगरही असतात, सरासरी त्यांनी उचलली जाते. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो, तो उघडून आपला जिल्हा वेगळा वाचावा.

धागा सुरू करणारी, अमळनेर

अप्पा, तक्त्याचं बरं आठवण करून दिलंत. आलेखाचंही तेच: उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, ते आधी पाहायचं. ६ ते ७ एवढाच तुकडा दाखवला की अर्ध्या टक्क्याचा फरक डोंगरासारखा दिसतो. चर्चा चालू असताना फोटो काढून ठेवा आणि शेजारी चार गोष्टी लिहा: आकडा, एकक, कालावधी, कशाशी तुलना. चौथी जागा रिकामी राहिली तर तो आकडा पुढे पाठवू नका. दुधाचं आणि नंदुरबारच्या मिरचीचं अजून कोणी लिहिलेलं नाही, त्या धंद्यातल्यांनी जरूर लिहा.