शब्दचर्चा : निप्पोन सिरीज बघताना अडणारे शब्द

निवडुंग :
जपानी व्यावसायिक बेसबॉलची अजिंक्यपद मालिका, म्हणजे निप्पोन सिरीज, ऑक्टोबर सरता सरता सुरू होते. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, त्यामुळे तिथला संध्याकाळी साडेसहाचा सामना इथे दुपारी तीनला लागतो. चित्र बघून खेळ कळतो, समालोचनातले काही शब्द मात्र अडतात. यूशो आणि निप्पोन-इची या दोन्हींसाठी कोशात 'विजेतेपद' एवढंच मिळतं. शिवाय ओऽते, शिक्यू, उरा, सायोनारा. चांगले मराठी प्रतिशब्द सुचवा. क्रिकेटचे शब्द उचलले तर भागेल का?

टिपकागद :
क्रिकेटचे शब्द उचललेत तर पहिल्याच तासाला आपटाल. जपानी समालोचक 'डेड बॉल' म्हणतो तेव्हा क्रिकेटवाल्याला वाटतं, चेंडू रद्द, काही घडलं नाही. प्रत्यक्षात चेंडू फलंदाजाच्या अंगावर आदळलेला असतो आणि तो पहिल्या बेसकडे (धावेसाठी क्रमाने गाठायच्या चार ठिकाणांपैकी पहिल्याकडे) चालू लागलेला असतो. जपानीत 'देद्दो बोऽरु'चा अर्थ एवढाच. मराठीत सरळ 'अंगावर चेंडू' म्हणा.

गंमत पुढेच आहे. चार बॉल (ठरलेल्या पट्ट्याबाहेरून गेलेले आणि फलंदाजाने सोडून दिलेले चेंडू) पडून फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्याचा लेखी शब्द शिक्यू, म्हणजे 'चार-चेंडू'. अंगावर बसलेल्या चेंडूचा लेखी शब्दही शिक्यूच, म्हणजे 'मृत्यू-चेंडू'. लिपीत चिन्हं वेगळी, कानाला एकच. म्हणून बोलताना समालोचक 'फोआबोऽरु' आणि 'देद्दो बोऽरु' असे इंग्रजी वळणाचे शब्द वापरतात आणि वर्तमानपत्रात चिन्हं येतात. नुसतं 'शिक्यू' ऐकू आलं तर फलंदाज दंड चोळतोय का ते बघायचं.

खडीसाखर :
यूशो आणि निप्पोन-इची यांना आपल्याकडे तयार जोडी आहे, कुस्तीत. महाराष्ट्र केसरीला गादी विभागाचा विजेता वेगळा, माती विभागाचा वेगळा, आणि त्या दोघांच्या लढतीतून गदा कोणाची ते ठरतं. जपानात १९५० पासून सेंट्रल आणि पॅसिफिक असे दोन लीग आहेत, आज प्रत्येकात सहा संघ. लीगमध्ये पहिला येणं म्हणजे यूशो, म्हणजे 'विभाग जिंकणं'. निप्पोन सिरीज जिंकणं म्हणजे निप्पोन-इची, शब्दशः 'जपानात एक नंबर'. मी 'जपान केसरी' सुचवते.

चिंचोका :
'जपान केसरी' झकास. फक्त तुलनेत एक भोक आहे. २००७ पासून दोन्ही लीगमध्ये क्लायमॅक्स सिरीज असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांत आधी तीन सामन्यांची फेरी, तिचा विजेता लीगच्या पहिल्या संघाशी भिडतो. पहिल्या संघाला एक विजय आयताच दिलेला असतो, चार आधी पूर्ण करील तो पुढे. एवढी सवलत असूनही पहिला संघ घरी बसू शकतो. २०२४ ला सेंट्रलचा यूशो योमिउरी जायंट्सचा, निप्पोन-इची मात्र तिसऱ्या क्रमांकावरून आलेले योकोहामाचे डीएनए बेस्टार्स. तेव्हा 'बेस्टार्सनी लीग जिंकली' असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. त्यांचा शेवटचा यूशो १९९८ चा.

याच प्रकाराला जपानी वर्तमानपत्रं 'गेकोकुजो' म्हणतात. खालच्याने वरच्याला उलथवणं, मूळ शब्द सरंजामी लढायांच्या काळातला. २०१० ला चिबा लोत्तेही तिसऱ्या क्रमांकावरून निप्पोन-इची झाले, तेव्हा तो मथळ्यामथळ्यात होता. मराठीत 'उलथापालथ' फिका पडतो, त्यात खालचा कोण आणि वरचा कोण ते कळत नाही. 'तख्तपालट' बरा.

निवडुंग :
आणि ओऽते? त्यात अवग्रह कशाला घालतात?

आडवाट :
जपानीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' वेगळे मोजतात, मराठीत ती सोय नाही, म्हणून अवग्रह.

ओऽते हा शोगी या जपानी बुद्धिबळातला शब्द, अर्थ सरळ 'शह'. मालिका चार विजयांची. तिसरा विजय मिळाला की त्या संघाने 'ओऽते लावला'. त्याच्या पुढचा शब्द जास्त रंगतदार: ग्याकु-ओऽते. शोगीत आपल्यावरचा शह ज्या खेळीने सुटतो त्याच खेळीने समोरच्यालाही शह बसला, तर तो ग्याकु-ओऽते. मालिकेत दोन-तीनने मागे असलेला संघ सहावा सामना जिंकून तीन-तीन करतो तेव्हा हाच शब्द येतो. स्वतःवरचं संकट टळलं आणि समोरचाही एका पराभवावर आला. मराठीत यासाठी काही घडवायला नको, 'काटशह' आहेच. राजकारणाच्या बातम्यांनी 'शह-काटशह' झिजवून गुळगुळीत केलाय, इथे तो अगदी मूळ अर्थाने बसतो.

उदाहरण २०२३ चं. पाचव्या सामन्यानंतर हानशिन टायगर्स तीन-दोनने पुढे, म्हणजे शह. ४ नोव्हेंबरला ओरिक्सच्या यामामोतो योशिनोबूने अख्खा सामना एकट्याने टाकला, १४ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा पट्ट्यात येऊनही सोडलेल्या चेंडूंवर बाद) केलं, ओरिक्स ५-१ ने जिंकलं. हा काटशह. दुसऱ्या दिवशी हानशिनने ७-१ ने मात केली.

टिपकागद :
शह विजयांवर मोजतात, सामन्यांवर नाही, एवढं लक्षात असू द्या. निप्पोन सिरीजमध्ये सामना बरोबरीत सुटू शकतो. सध्या १२ डावांनंतर समान धावा असल्या की हिकिवाके, म्हणजे बरोबरी. २०२२ चा दुसरा सामना असाच ३-३ वर थांबला. २०१० मध्ये मर्यादा १५ डावांची होती आणि सहावा सामना पंधराही डाव खेळून २-२ राहिला. म्हणून 'सातवा सामना म्हणजे शेवटचा' हे गृहीत धरू नका. १९८६ ला पहिलाच सामना बरोबरीत गेला, मग हिरोशिमाने तीन जिंकले, मग सेइबूने ओळीने चार. मालिका आठव्या सामन्यात संपली.

गोटीसोडा :
उरा राहिला. प्रत्येक डावाचे दोन भाग: ओमोते म्हणजे पुढची बाजू, उरा म्हणजे मागची. कापडाची सुलट-उलट असते तशी. पाहुणा संघ ओमोतेत फलंदाजी करतो, यजमान उरात. 'क्यूकाई उरा' म्हणजे नवव्या डावाचा दुसरा भाग. क्रिकेटमधला 'डाव' इथे घोटाळा करतो, कारण तिथे एका संघाची फलंदाजी म्हणजे एक डाव. खो-खोची रचना तंतोतंत जुळते: एक डाव, त्यात दोन पाळ्या, एकदा पाठलाग आणि एकदा पळती. म्हणून 'नववा डाव, दुसरी पाळी'.

धावफलकावर शेवटच्या चौकोनात आकड्याऐवजी फुली दिसली तर यजमान आधीच पुढे होते, त्यांना दुसरी पाळी खेळायची गरजच पडली नाही. फुली आकड्याला चिकटून असेल, समजा २×, तर त्या पाळीत दोन धावा झाल्या आणि विजयी धाव होताच खेळ तिथेच थांबला. तोच सायोनारा.

खडीसाखर :
सायोनाराला 'निरोपाचा फटका'?

आडवाट :
'निरोप' म्हणजे सांगावाही, फटक्याने कोणाला काय कळवलं असं वाटेल. सायोनाराकडे मागाहून येऊ, आधी बाद होण्याचं बघू, कारण मराठीचं खरं धन तिथे आहे.

जपानी वर्तमानपत्रात एक बाद म्हणजे 'इश्शी', एक मृत्यू. दोन बाद 'निशी'. एकही बाद नाही म्हणजे 'मुशी', शून्य मृत्यू. एका चेंडूवर दोघे बाद म्हणजे 'हेइसात्सु', जोडहत्या. (बोलताना त्याला 'गेत्त्सू' म्हणतात, इंग्रजी 'गेट टू'ची जपानी आवृत्ती.) क्रिकेटमधला 'बाद' इथे पुस्तकी वाटतो. हुतूतूत मात्र गडी मरतो आणि जिवंतही होतो: 'दोन गडी मेले, एक जिवंत झाला'. मुशी म्हणजे 'एकही गडी मेला नाही'. फक्त बेसबॉलमध्ये मेलेला गडी त्या पाळीत परत उठत नाही.

बेसचा शब्द 'रुई'. मूळ अर्थ मातीचा तट, लढाईतलं ठाणं. आपल्याकडे याला 'गढी' म्हणतात. पहिली गढी, दुसरी गढी, तिसरी गढी आणि होन्रुई म्हणजे मूळ गढी. होमरन म्हणजे 'होन्रुईदा', मूळ गढीचा फटका. तीनही बेसवर धावपटू उभे असले की 'मानरुई', भरल्या गढ्या.

आता एक क्षेत्ररक्षक असा की त्याच्या नावावर गढीच नाही. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गढीचे राखणदार त्या-त्या गढीच्या नावाने ओळखले जातात. दुसरी आणि तिसरीच्या मध्ये मोकळा फिरणारा शॉर्टस्टॉप मात्र 'यूगेकिशु'. यूगेकी म्हणजे ठाण मांडून न बसता फिरत फिरत घातलेला हल्ला. म्हणजे गनिमी! त्याला 'गनिमी गडी' म्हणायला महाराष्ट्रात कोणाची हरकत नसावी. बेसबॉलला 'याक्यू' हे नाव १८९४ मध्ये चूमान कानाए यांनी दिलं, यूगेकीही त्यांच्याच नावावर सांगतात. फलंदाज, धावपटू असे शब्द रुळवण्यात हायकूकार मासाओका शिकी यांचा वाटा मोठा. पुढे ते बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही गेले. परिभाषा कवीच्या हातून गेली की असं होतं, आपल्याकडे ती समितीच्या हातून जाते.

चिंचोका :
'मुशी मानरुई' हे समालोचकाच्या तोंडून आलं की खुर्चीतून उठू नका. १९७९, सातवा सामना, ओसाका स्टेडियम, नवव्याची दुसरी पाळी. हिरोशिमा ४-३ ने पुढे, किंतेत्सूच्या तिन्ही गढ्या भरलेल्या, एकही गडी मेलेला नाही, गोलंदाज एनात्सु युताका. पहिला फलंदाज स्ट्राइकआउट. मग किंतेत्सूने 'सुकुइझु' लावला: चेंडू सुटताना तिसऱ्यावरचा धावपटू मूळ गढीकडे धाव घेतो आणि फलंदाज चेंडूला नुसती बॅट टेकवून तो हळू जमिनीवर सोडतो. बॅट लागलीच नाही तर धावपटू अधांतरी. एनात्सुने धावपटू सुटलेला पाहून चेंडू बाहेर काढला, फलंदाज चुकला, धावपटू मेला. मग तोच फलंदाज स्ट्राइकआउट, तिसरा गडी मेला आणि पाळी संपली. त्या पाळीत एनात्सुचे चेंडू झाले २१, आणि 'एनात्सुचे २१ चेंडू' हा आज वाक्प्रचार आहे.

टिपकागद :
ते जुनं चित्रण बघणार असाल तर एक सावधगिरी. जपानात २००९ पर्यंत स्ट्राइक आधी आणि बॉल नंतर मोजत. जुन्या समालोचनात 'टू-थ्री' म्हणजे दोन स्ट्राइक, तीन बॉल. २०१० पासून बॉल आधी. फलकावर आज वरून खाली बॉलचे तीन हिरवे दिवे, स्ट्राइकचे दोन पिवळे, बादचे दोन लाल. चौथा बॉल, तिसरा स्ट्राइक आणि तिसरा बाद यांना दिवाच नसतो, त्या क्षणी रांग विझते. नवखा माणूस तिसरा लाल दिवा शोधत बसतो.

गोटीसोडा :
गोलंदाज बदलत राहण्याला 'केइतो' म्हणतात. त्याला 'खांदेपालट' कसा वाटतो? पालखीचा खांदा बदलतो तसा चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे. २००७, पाचवा सामना, नागोयात चुनिचीच्या यामाई दाइसुकेने आठ डाव एकही फलंदाज बेसवर पोचू दिला नव्हता. व्यवस्थापक ओचिआई हिरोमित्सु यांनी नवव्याला त्याला काढून इवासे हितोकीला आणलं. इवासेनेही तिघांना परत पाठवलं, चुनिची १-० ने जिंकून ५३ वर्षांनी निप्पोन-इची झाले. खांदेपालट झाल्यामुळे अधिकृत 'परफेक्ट गेम' कोणाच्याच नावावर लागला नाही. त्यावर चाहते अजून भांडतात.

शेवटचा गडी मारणाऱ्या गोलंदाजाला 'दोआगे तोशु' म्हणतात. दोआगे म्हणजे जिंकल्यावर व्यवस्थापकाला सगळ्यांनी मिळून हातांवर हवेत उडवणं. २०१३ ला राकुतेनच्या तानाका मासाहिरोने सहाव्या सामन्यात १६० चेंडू टाकून हार खाल्ली आणि दुसऱ्याच दिवशी सातव्याच्या नवव्या डावात येऊन तो दोआगे तोशु झाला.

खडीसाखर :
दोआगेला 'हातझेल' म्हणू. अजून एक शब्द टाकते, 'केइएन'. घातक फलंदाजाला मुद्दाम चार बॉल देऊन पहिल्या गढीवर पाठवणं. शब्दाचा अर्थ 'आदर ठेवून दूर राहणं', मूळ कन्फ्यूशियसच्या वचनात. मराठीत 'लांबूनच नमस्कार', आणखी काय! २०१८ पासून चेंडू टाकावेही लागत नाहीत, व्यवस्थापकाने इशारा केला की झालं. नमस्कारही आता खुणेवर.

चिंचोका :
आणि 'आरे'? हानशिनचे व्यवस्थापक ओकादा आकिनोबू २०२३ मध्ये 'यूशो' हा शब्द उच्चारतच नसत. 'आरे' म्हणत, म्हणजे 'ते'. खेळाडूंवर दडपण नको म्हणून. त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला शब्द म्हणून जपानात त्याचीच निवड झाली. लीग जिंकल्यावर निप्पोन-इचीला मग 'आरे नो आरे' म्हणू लागले, 'त्यातलं ते'. रात्रीच्या वेळी सापाचं नाव न घेता 'लांबडं' म्हणतात, त्याच जातीतलं.

निवडुंग :
सायोनारा मागाहून म्हणाला होतात.

आडवाट :
विसरलो नाही. सायोनाराची फोड केली तर अर्थ निघतो 'तसं असेल तर'. उरलेलं वाक्य, म्हणजे 'निघतो', न बोलता सोडून दिलंय. आपण उठताना काय म्हणतो? 'बरंय तर.' तेही तसंच अर्धं. फक्त यजमान संघच हे म्हणू शकतो, कारण दुसरी पाळी त्याची. १९९२ च्या पहिल्या सामन्यात याकुल्टच्या सुगिउरा तोरूने बाराव्या डावात जे केलं त्याला जपानीत एका दमात म्हणतात 'दाइदा सायोनारा मानरुई होऽमुरान'. मराठीत : बदली फलंदाजाचा, भरल्या गढ्यांवरचा, बरंय-तर होमरन.

टिपकागद :
'बरंय-तर' मध्ये जोडरेघ हवी, नाहीतर 'बरं आहे, तर होमरन' असं वाचतील.