मटण-चिकन कमी करायचंय आणि घरातलं उरलेलं वाया घालवायचं नाहीये, खर्च कसा आवरता तुम्ही?

चिंचवडची_सून
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. घरात आम्ही पाच जण, मी, नवरा, सासू-सासरे आणि आठवीतला मुलगा. नवऱ्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय त्यामुळे हातात येणारा पगार बराच कमी झाला, घराचा हप्ता आणि शाळेची फी तर कमी होत नाही, मग राहतं काय तर स्वयंपाकघर. आमच्याकडे बुधवारी चिकन, शुक्रवारी अंडी नाहीतर मासे आणि रविवारी मटण असं वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि मटण आता आमच्या इथे ८०० च्या आसपास किलो आहे. सासरे सांगलीकडचे, रस्सा नसला तर त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही, आणि मुलगा कबड्डी खेळतो, त्याचे सर सारखं प्रोटीन प्रोटीन म्हणत असतात.
दुसरी गोष्ट म्हणजे रोज दोन-चार पोळ्या, वाटीभर वरण, थोडी भाजी, थोडा भात असं काही ना काही उरतंच. फ्रिजमध्ये डबे साचतात आणि चार दिवसांनी टाकायची वेळ येते, सासूबाईंचा जीव तुटतो आणि माझाही. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात सोडून सांगा प्लीज, मुलाला त्याचा कंटाळा आलाय. आणि सरळ सगळं व्हेज करून टाका असं नका सांगू, घरात भांडणं होतील.

लातूरची_मावशी
सूनबाई, आधी वरणाचं सांगते कारण तिथेच सगळ्यात जास्त वाया जातं. उरलेलं वरण गरम करून डब्यात ठेवायचं नाही, ते उद्याच्या कणकेत घालायचं. पाणी न घालता वरणानेच कणीक मळायची, तिखट, हळद, ओवा, तीळ, थोडं तेल, आणि त्याचे पराठे लाटायचे. मुलाला डब्यात द्या, सोबत दही नाहीतर शेंगदाण्याची चटणी, त्याला कळणारसुद्धा नाही की हे कालचं वरण आहे. दुसरं म्हणजे वरणफळं, आमच्याकडे चकोल्या म्हणतात. वरण पातळ करून त्यात आमसूल, गूळ, गोडा मसाला घालून खळखळून उकळी आणायची आणि कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून सोडायचे, वरून तूप. रात्रीचं जेवण एका पातेल्यात होतं, पोळ्या लाटायच्या नाहीत की भाजी करायची नाही, गॅससुद्धा वाचतो.
उरलेली कोरडी भाजी कुठलीही असू दे, कोबी, मेथी, गवार, दुधी, ती बारीक चिरून थालीपिठात जाते. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ, बेसन आणि मूठभर कणीक एवढ्यावर भागतं. शिळ्या पोळ्यांचं तुम्ही फोडणीची नको म्हणालात, मग पोळ्या कडक भाजून घ्या, मिक्सरमधून जाडसर काढा, गूळ-तूप घालून लाडू वळा. पोरं शाळेतून आली की हातात द्यायला बरे पडतात. ज्वारीची भाकरी उरली तर रात्रीच ताकात कुस्करून ठेवायची, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची. शेतावर जाणारी माणसं हेच खाऊन जातात.
आणि रस्सा पाहिजे म्हणताय ना, मग हुलग्याचे शेंगोळे करून बघा. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, घट्ट मळून बोटाएवढ्या वळ्या वळायच्या आणि तिखट रश्श्यात शिजू द्यायच्या. भाकरी चुरून खायचे. आमच्याकडे ज्या दिवशी शेंगोळे असतात त्या दिवशी मटणाची आठवणसुद्धा कोणी काढत नाही.

देवगडची_लेक
मावशींनी सगळं छान सांगितलं, मी फक्त माशांबद्दल बोलते. ताजे मासे परवडत नाहीत हे खरं आहे, पण सुकं म्हावरं का नाही आणत? जवळा म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी, सुके बोंबील, सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. सोडे महाग असतात पण ते चमचाभरच लागतात. जवळा अर्धी वाटी घेतला, कोमट पाण्यात धुऊन कचकच काढली, आणि कांदा-बटाटा किंवा वांग्यात घातला की पाच माणसांचं होतं. म्हणजे भाजी मोठी आणि मासा चवीपुरता. बोंबील तव्यावर भाजून, तुकडे करून, लसूण आणि लाल तिखटाबरोबर कुटले की चटणी होते, भाकरीसोबत नुसती ती असली तरी जेवण होतं.
आमच्याकडे हे काही काटकसर म्हणून सुरू झालं नाही. पावसात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, सरकारचीच बंदी असते, मासे अंडी घालतात म्हणून. तेव्हा मे महिन्यातच सुकं भरून ठेवायचं आणि पाऊसभर पुरवायचं अशी घराघरातली पद्धत. तुम्हीसुद्धा उन्हाळ्यातच घ्या, तेव्हा स्वस्त आणि चांगलं वाळलेलं मिळतं, पुन्हा एकदा दोन दिवस कडक ऊन दाखवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फक्त सासऱ्यांना बीपी असेल तर जपून, खारवलेल्यात मीठ फार असतं, दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि वरून मीठ घालायचंच नाही.
आणि कुळथाची पिठी! तुमचे हुलगे तेच आमचे कुळीथ. लसणाची फोडणी, पाणी, मीठ, मिरची, दोन आमसुलं, आणि पाण्यात कालवलेलं चार चमचे पीठ, ढवळत राहायचं नाहीतर गुठळ्या होतात. पंधरा मिनिटांत पाच जणांची पिठी, गरम भात, सोबत भाजलेला बांगडा एकच असला तरी वाटून खाता येतो.

वाळव्याचा_गडी
वहिनी, सासरे आमच्या भागातले म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. रविवारचं मटण बंद करू नका. त्या माणसाची आठवड्याची वाट बघायची एक गोष्ट आहे ती, बुधवारचं चिकन बंद करा, शुक्रवारचं बदला, पण रविवार ठेवा. किलो आणत असाल तर अर्धा किलो आणा आणि हाडासकट आणा, नळी मागून घ्या. आधी आलं-लसूण, हळद, मीठ घालून भरपूर पाण्यात शिजवायचं, ते आळणी पाणी हाच सगळा जीव आहे. त्यातलं निम्मं पाणी नारळाच्या दुधात आणि तिळाच्या वाटणात घालून पांढरा रस्सा, निम्मं कांदा-खोबरं आणि कांदा-लसूण मसाल्यात घालून तांबडा. पांढऱ्यात काजू-खसखस नाही घातली तरी चालते, तीळ भाजून बारीक वाटले की काम होतं. फोडी प्रत्येकाला दोन-तीनच येतील पण रस्सा वाट्यावर वाट्या, आणि आमच्याकडं माणूस रश्श्यावर जेवतो हो. तांबडा उरला तर तो लगेच फ्रिजला, सोमवारी त्यात उकडलेली अंडी आणि बटाटा घालायचा, म्हणजे अर्ध्या किलोत दोन वेळा झाल्या.
बुधवारी अख्खा मसूर करा. कराड-इस्लामपूर बाजूला हायवेच्या ढाब्यांवर लोक गाडी थांबवून हाच खातात, तोही रोटीबरोबर, आणि त्यात मटण खाणारेच जास्त असतात. चार तास भिजवून शिजवायचा, कांदा चांगला लालभडक परतायचा, टोमॅटो, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, तेल थोडं सुटू द्यायचं आणि थोडा मसूर पळीनं घोटून रस्सा दाट करायचा. कच्चा कांदा, लिंबू, भाकरी.
अजून एक, वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट-आतडी, मुंडी, पाय हे सगळं मटणापेक्षा बरंच स्वस्त असतं, चिकनच्या दुकानात कलेजी-पेटा वेगळा मिळतो तोही स्वस्त. कलेजीत लोह भरपूर असतं, खेळणाऱ्या पोराला चांगली. पोरांना वजडी आवडेलच असं नाही पण सासऱ्यांना विचारून बघा, चेहरा खुलेल त्यांचा.

सूक्ष्मजीव_शिकवते
ताई, चार दिवसांनी डबे टाकताय हे वाचलं म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते, भाताबद्दल. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी द्यायची ही घरोघरची सवय आहे, पण कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करणारं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून फोडणी खमंग बसली तरी उपयोग नाही. जेवणं झाली की भात ताटात पसरून पटकन गार करायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा, परत परत गरम करायचा नाही. चिकन-मटणाच्या रश्श्यालाही हाच नियम, मोठं पातेलं तसंच आत ढकलू नका, दोन पसरट डब्यांत काढा म्हणजे लवकर गार होतं. मे महिन्यात तर ओट्यावर काहीच ठेवू नका.
त्या भाताचं काय करायचं, तर मिक्सरमध्ये थोडं दही, रवा, मीठ घालून फिरवा आणि धिरडी घाला. किंवा बेसन, कांदा, कोथिंबीर घालून वडे थापा, मुलं हात चाटत खातात.
प्रोटीनचं पण सांगते कारण यावर फार गैरसमज आहेत. कोरडी मटकी, मसूर, हुलगे यांत १०० ग्रॅमला साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रोटीन असतं, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, सोया चंक्समध्ये ५० च्या वर. एका अंड्यात सहा. म्हणजे माणशी ५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणली तर जवळपास दोन अंड्यांइतकं झालं, आणि ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा भात सोबत असला की डाळीत जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा घटक, कमी असतं ते धान्यातून मिळतं, धान्यातलं कमी डाळीतून. फक्त बी१२ जीवनसत्त्व डाळीत मिळत नाही, त्यामुळे अंडी आणि दूध-ताक मुलाचं बंद करू नका, ते राहू द्या.

बदलापूर_लोकल
मी एकटा राहतो त्यामुळे मोठं काही सांगता येणार नाही पण सालं-देठांचं सांगतो कारण त्यावर कोणी बोललं नाही. दोडक्याच्या शिरा टाकू नका, तेलावर कुरकुरीत परतून तीळ-सुकं खोबरं-लसूण घालून चटणी होते, आठवडाभर टिकते. दुधीच्या सालीची पण तशीच. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, फ्लॉवरचे कोवळे देठ आणि पानं बारीक चिरून पीठ पेरून भाजी, मुळ्याचा पाला तर मुळ्यापेक्षा चांगला लागतो. बटाट्याची हिरवी झालेली साल मात्र खाऊ नका, हिरवा भाग सगळा काढून टाका. आणि मंडईत रात्री आठ नंतर जातो मी, भाजीवाले उठायच्या घाईत असतात, तेव्हा ढिगाने देतात, फक्त ते आणल्या आणल्या निवडून ठेवायला लागतं नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळं चिकट.

चिंचवडची_सून
बापरे किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. सासऱ्यांना वाळव्याच्या दादांचं वाचून दाखवलं, अर्ध्या किलोचं ऐकून आधी गप्प बसले, पण वजडीचं नाव काढल्यावर उठून बसले आणि त्यांच्या आईच्या हातची कशी असायची ते सांगत राहिले. ती साफ कशी करतात? मी कधी हात लावलेला नाही. आणि मावशी, चार दिवसांचे डबे साचतात त्याला काही युक्ती आहे का, कारण करायचं काय ते कळलं पण फ्रिज उघडल्यावर लक्षातच राहत नाही काय कधीचं आहे.

वाळव्याचा_गडी
वजडी दुकानातनंच साफ करून मागा, देतात. घरी आणल्यावर कडक गरम पाण्यात दोन मिनिटं घालून वरचा थर सुरीनं खरवडायचा, मग हळद-मीठ चोळून तीन-चार पाण्यांनी धुवायची, लिंबू चोळलं की वास जातो. कुकरला मटणापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त. त्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा.

लातूरची_मावशी
युक्ती अशी की फ्रिजचा एक कप्पा, डोळ्यांसमोरचा, फक्त उरलेल्याचा. तिथे स्टीलचा डबा नाही ठेवायचा, काचेचा नाहीतर पारदर्शक ठेवायचा, आत काय आहे ते दिसलं पाहिजे. सकाळी कणीक मळायच्या आधी तो कप्पा बघायचा आणि मगच आज काय करायचं ते ठरवायचं. आपण आधी ठरवतो आणि मग फ्रिज उघडतो, म्हणून उरतं. आणि पोळ्या मोजून करा गं. कोण किती खातो ते रात्री विचारायचं, सासऱ्यांना दोन लागतात तर दोनच, कमी पडली तर गरम भात आहेच, लाजायचं काय त्यात. गुरुवारी रात्री मी नवीन काही शिजवतच नाही, कप्प्यात आहे तेवढंच ताटात, सोबत ताजा म्हणून फक्त ताकाचा मठ्ठा नाहीतर पापड.

देवगडची_लेक
मावशींचा गुरुवार मस्त आहे, आमच्याकडे मी शनिवारी करते, म्हणजे रविवारच्या बाजाराला फ्रिज रिकामा. सूनबाई, जवळा घ्यायला गेलात तर हातात घेऊन बघा, गुलाबीसर आणि सुटा सुटा पाहिजे, ओलसर वाटला किंवा पिवळा पडला असेल तर घेऊ नका.