खरे लेखक गुप्तहेर झालेल्या कादंबऱ्या: सुरुवात कुठून करावी?

कंदील
खराखुरा लेखक किंवा लेखिका खुनाचा तपास करते अशा, जुन्या काळात घडणाऱ्या रहस्यकथा सुचवा. लेखकाने खरंच डोकं चालवलेलं हवं, नुसता येऊन चहा पिऊन गेला असं नको. काळाचे तपशील ढिसाळ नकोत. मालिका असेल तर कितव्या भागापासून घ्यायची तेही सांगा. ॲगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेअर्स वाचून झाल्यात. इंग्रजी चालेल, रक्तपात बेताचा.

टीपकागद
या प्रकारात आधी एक गोष्ट बघायची: त्या लेखकाच्या चरित्रात कोरी जागा कुठे आहे, आणि कादंबरीकार तिथेच शिरलाय का. जेन ऑस्टेनच्या बाबतीत ती आयतीच मिळते, कारण तिची बरीच पत्रं बहीण कॅसँड्राने जाळून टाकली. स्टेफनी बॅरनच्या मालिकेचा पहिला भाग 'जेन अँड द अनप्लेझंटनेस ॲट स्कारग्रेव्ह मॅनर' (१९९६). डिसेंबर १८०२ मध्ये जेनने हॅरिस बिग-विदरला लग्नाचा होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शब्द मागे घेतला, हे खरं. त्यानंतर ती मैत्रिणीकडे राहायला जाते आणि मैत्रिणीचा नवा नवरा मरतो, हे कल्पित. जेनची डायरी सापडल्याचा बनाव आहे, त्यामुळे पानाच्या तळाशी 'संपादका'च्या टिपा येतात. त्या गाळू नका, त्या काळचे रीतिरिवाज तिथेच कळतात.

एकूण १५ भाग, शेवटचा २०२३चा. सुटे वाचले तरी चालतात, पण लॉर्ड हॅरॉल्ड ट्रोब्रिज या पात्राची गोष्ट पहिल्यापासून पुढे सरकत जाते. सातवा भाग संपायच्या आत आठव्याचं मलपृष्ठ वाचलंत तर मजा गेली.

अडगळ
जाइल्स ब्रँड्रेथची ऑस्कर वाइल्ड मालिका. ३० ऑगस्ट १८८९ला लंडनच्या लँगहॅम हॉटेलात लिपिन्कॉट मासिकाच्या संपादकाने वाइल्ड आणि शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयल या दोघांना जेवायला बोलावलं होतं. त्या एका जेवणातून 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' आणि 'द साइन ऑफ फोर' निघाल्या. मालिकेतली पहिली कादंबरी सुरू होते दुसऱ्या दिवशी, मेणबत्त्यांच्या उजेडात पडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रेतापासून. निवेदक रॉबर्ट शेरार्ड, वाइल्डचा प्रत्यक्षातला मित्र आणि चरित्रकार. होम्सच्या गोष्टींतल्या वॉटसनचं काम त्याच्याकडे.

गोची होते ती विकत घेताना. पहिल्या भागाचं ब्रिटिश नाव '...कँडललाइट मर्डर्स', अमेरिकन '...अ डेथ ऑफ नो इम्पॉर्टन्स'. दुसरा 'रिंग ऑफ डेथ' म्हणजेच 'अ गेम कॉल्ड मर्डर', चौथा 'नेस्ट ऑफ व्हायपर्स' म्हणजेच 'द व्हँपायर मर्डर्स'. नवीन भाग समजून तेच पुस्तक पुन्हा घरी येतं. जुनी प्रत घेताना आधी कॉपीराइटचं पान उघडा. शिवाय सहावा भाग वाइल्ड रेडिंगच्या तुरुंगात असतानाचा आणि सातवा १८९४चा, म्हणजे वाइल्डला अटक व्हायच्या आधीचा. कालक्रम हवा असेल तर सातवा सहाव्याच्या आधी घ्या. एक खोट आहे: वाइल्डच्या तोंडी चटपटीत वाक्यं इतकी की लागोपाठ दोन भाग वाचवत नाहीत.

गारवेल
निकोला अपसनची 'ॲन एक्स्पर्ट इन मर्डर' (२००८). इथे रहस्यकथालेखिका जोसेफिन टे आहे, साल १९३४. तिने गॉर्डन डेव्हिएट या पुरुषी नावाने लिहिलेलं 'रिचर्ड ऑफ बोर्दो' हे नाटक तेव्हा लंडनमध्ये खरंच गाजलं होतं, नट जॉन गिलगुड त्यात मुख्य भूमिकेत. कादंबरीत नटांची नावं बदलली आहेत. पण अट काटेकोर असेल तर सावध: पोलिसी तपासाचा मोठा भाग आर्ची पेनरोज हा इन्स्पेक्टर करतो. वेगही संथ.

ॲगाथा ख्रिस्ती स्वतः हवी असेल तर अँड्र्यू विल्सनची 'अ टॅलंट फॉर मर्डर' (२०१७). १९२६ मधले तिचे ते बेपत्ता ११ दिवस हाच विषय. मात्र पहिल्या भागात ती तपास करत नाही; तिला धमकावून तिच्याकडून खून करवून घ्यायचा घाट असतो. खरा तपास दुसऱ्या भागापासून.

टीपकागद
रक्तपात बेताचा म्हणालात, म्हणून मॅथ्यू पर्लचा 'द डँटे क्लब' (२००३) जपून. १८६५चं बॉस्टन, इटालियन कवी डँटेचं भाषांतर करणारे अमेरिकन कवी लाँगफेलो, लोवेल आणि ऑलिव्हर वेंडेल होम्स, आणि डँटेच्या 'इन्फर्नो' या नरकवर्णनातल्या शिक्षांबरहुकूम होणारे खून. अळ्यांचं प्रकरण जेवताना वाचू नये. पण होम्स हार्वर्डमध्ये शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक होता, त्यामुळे प्रेत तपासायला बाहेरून कुणी आणावा लागत नाही. लेखकाचा खरा पेशा तपासात असा कामी आलेली पुस्तकं थोडी.

लुई बेयार्डची 'द पेल ब्लू आय' (२००६), अमेरिकेची वेस्ट पॉइंट लष्करी अकादमी, १८३०. एडगर ॲलन पो तिथे कॅडेट होता हे खरं, पण कथेत तो मदतनीस. २०२२चा चित्रपट आधी बघू नका, सगळा डाव शेवटात आहे.

गारवेल
खून नसलेलं चालणार असेल तर ज्युलियन बार्न्सची 'आर्थर अँड जॉर्ज' (२००५). यातला आर्थर म्हणजे आर्थर कॉनन डॉयल, आणि तपास मुळात खराच आहे. जॉर्ज एडलजीचे वडील शापूरजी मुंबईचे पारशी, ख्रिस्ती होऊन स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्लीला पाद्री झालेले. १९०३ मध्ये जनावरांना भोसकल्याच्या आरोपावरून जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली, १९०६ला तो सुटला, पण निर्दोष ठरला नाही. डॉयल त्याला भेटायला हॉटेलात गेला तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांना जवळजवळ चिकटवून, तिरपं धरून वाचत होता. डॉयल नेत्रविद्या शिकलेला. एवढी अधू नजर असलेला माणूस काळोख्या रात्री शेतं आणि रेल्वेमार्ग तुडवत जाऊन जनावर गाठेल कसा, हा त्याचा पहिला मुद्दा. १९०७ मध्ये माफी मिळाली, भरपाई नाही, कारण त्या प्रकरणातली निनावी पत्रं जॉर्जनेच लिहिली हा ठपका सरकारी चौकशी समितीने कायम ठेवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा झाला, त्यामागे हे प्रकरणही होतं.

कंदील
हे घेतोच. व्हिक्टोरिया राणीच्या खूप आधीचं काही?

अडगळ
मार्गारेट डूडीची 'ॲरिस्टॉटल डिटेक्टिव्ह' (१९७८), इसवी सनपूर्व ३३२चं अथेन्स. चुलतभावावर खुनाचा आरोप आहे, त्याची बाजू मांडायची जबाबदारी स्टेफनॉसवर, आणि सल्लागार ॲरिस्टॉटल. अथेन्समध्ये खुनाच्या खटल्याआधी महिन्याला एक अशा तीन प्राथमिक सुनावण्या होत आणि खटला चौथ्या महिन्यात उभा राही. पुरावा गोळा करायला मिळतात ते तेवढेच महिने, त्यामुळे कथेला आपोआप घाई येते. अठराव्या शतकासाठी लिलियन द ला टोरेचा 'डॉ. सॅम: जॉन्सन, डिटेक्टर' (१९४६). शब्दकोशकार डॉ. जॉन्सन तपास करतो, त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो. सगळ्या लघुकथा आहेत. १७८४ मध्ये इंग्लंडची राजमुद्रा चोरीला गेली होती, त्यावरची कथा आधी वाचा. भाषा मुद्दाम त्या काळची केलेली आहे, एका बैठकीला एकच पुरे.