गुडघा बदलण्याआधी रुग्णाची तयारी: नेमकं काय करून घ्यावं?

आडवाट: ऑपरेशनला ६ आठवडे आहेत अशा रुग्णांकडून काय करून घेता? व्यायामाचा छापील कागद देतो, पण तो फाइलमध्येच राहतो. भीतीचं काय करायचं, तेही सांगा.

वाकडी_वाटी (फिजिओ): कागदावर बारा व्यायाम असले की एकही होत नाही. तीनच द्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळत ती दाबायची, ५ आकडे मोजून सोडायची. दुसरा पाय दुमडून दुखरा पाय सरळच वीतभर उचलायचा. टाच गादीवरून मागे सरकवत गुडघा वाकवायचा. प्रत्येकी १० वेळा, दिवसातून दोनदा, श्वास न कोंडता. दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर संख्या निम्मी करा, बंद नको.

हात विसरू नका, वॉकरवर भार त्यांच्यावरच येतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा सराव पुरे. वॉकर आधीच आणा. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटापाशी त्याची मूठ यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. वेदनेत हे शिकवलेलं डोक्यात शिरत नाही, म्हणून आत्ताच.

गुंगी: भूलतज्ज्ञ म्हणून माझं लक्ष रक्ताकडे. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह द्यायला ६ आठवडे मिळतात. आदल्या आठवड्यात कळलं तर तारीख तरी हुकते किंवा रक्त तरी चढवावं लागतं. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८ च्या वर असेल तर बरेच सर्जन थांबतात, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर निस्तरणं फार अवघड. किडलेला दात, लघवीची जळजळ, बोटांमधल्या चिखल्या आधी बघा. पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू देऊ नका. गेल्या ३ महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला कळवा. रक्त पातळ करणारी गोळी आणि मधुमेहाची ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली गोळी कधी थांबवायची, हे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं हमखास उलटं होतं.

आडवाट: आणि भीती?

वाकडी_वाटी: ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. कशाची भीती, ते विचारा. कमरेतून भूल दिली तर ठोकाठोकीचा आवाज ऐकू येईल ही धास्ती असते. गुंगीचं औषध मिळतं, हे सांगितलं की निम्मी उतरते. वेदनेबद्दल गोड बोलू नका. भुलेचा असर ओसरला की दुखणार, म्हणून गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. सूज काही महिने राहते, वणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, आत टकटकही होते. हे आधी माहीत नसलं की रुग्णाला ऑपरेशन फसल्यासारखं वाटतं आणि तो पाय हलवायचा थांबतो.

गुंगी: नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तेही विचारा, सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

वाकडी_वाटी: रुग्णाला हे सगळं समजावता, त्याच बैठकीला घरी सोबत राहणाऱ्यालाही बसवा. ऑपरेशननंतर मायेपोटी गुडघ्याखाली उशी तोच सारतो. तिथे उशी राहिली की गुडघा वाकलेलाच आखडतो. टाचेखाली ठेवा.