तारकर्ली-मालवण डाइव्हिंग: ४के ६० ठेवू की ४के ३०?

सागरगोटा:
डिसेंबरात मालवणला दोन डाइव्ह आहेत, खोली ८ ते १० मीटर. अ‍ॅक्शन कॅमेरा आणि ६० मीटरपर्यंत चालणारं हाउसिंग (जलरोधक कवच) आहे, लाइट नाही. ५.३के ३०, ४के ६०, ४के १२० आणि २.७के असे पर्याय दिसतात ('के' म्हणजे रिझोल्यूशन, पुढचा आकडा सेकंदाला किती फ्रेम). व्हिडिओ टीव्हीवर पाहणार, थोडा इन्स्टावर टाकणार. स्विमिंग पुलात ४के ६० झकास आलं. समुद्रात तेच ठेवू का? स्टॅबिलायझेशन (चित्राचं हलणं कमी करणारी सोय) ठेवू का? ६४ जीबीचं कार्ड पुरेल?

खोलपाणी:
४के ३०. स्विमिंग पुलाचा तळ पांढरा आणि पाणी नितळ, त्यावरून समुद्राचा अंदाज बांधू नका.

३० फ्रेमला शटर १/३० सेकंदापर्यंत उघडं राहू शकतं, ६० ला जास्तीत जास्त १/६०, १२० ला १/१२०. फ्रेम रेट दुप्पट केला की उजेड निम्मा. ती तूट कॅमेरा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून भरतो. पाचेक मीटरखाली लाल रंग आधीच फारसा उरलेला नसतो. एडिटिंगमध्ये लाल ओढायला गेलात की रंगाऐवजी नॉइजच (दाणेदारपणा) वर येतो.

दुसरी अडचण बिटरेटची, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठतो त्याची. मालवणच्या पाण्यात बारीक कण तरंगत असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये ते जागा बदलतात, त्यामुळे एन्कोडरला (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) आधीच्या फ्रेमचा फारसा उपयोग होत नाही. १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) ३० फ्रेममध्ये वाटले तर फ्रेममागे साधारण ३.३ मेगाबिट येतात, ६० मध्ये त्याच्या निम्मे. मग प्रवाळाचा पोत जाऊन चौकोनी ठिगळं दिसतात.

मी ठेवेन ते असं: आयएसओ किमान १००, कमाल ४००, ढगाळ असेल तर ८००. शटर ऑटो. बिटरेट हाय, १०-बिट (जास्त रंगछटा साठवणारी सोय) असेल तर चालू, शार्पनेस लो (हाय ठेवलं तर प्रत्येक कण टाचणीसारखा टोचतो). व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ५५०० केल्विनवर लॉक. ऑटोवर ठेवलं तर वाळूवरून मोकळ्या पाण्याकडे वळताना क्लिपच्या मधेच रंग बदलतो आणि तो नंतर नीट सावरता येत नाही.

५.३के नंतर क्रॉप करायला बरं, पण दृश्यमानताच चार-पाच मीटर असेल तर टिपायला तेवढा तपशील असतो कुठे? त्यापेक्षा विषयाच्या एक मीटर आत जा. सपाट काचेमुळे पाण्यात दृश्यकोन जवळजवळ पाव भागाने आकसतो, म्हणून लेन्स वाइडच ठेवा.

खडपी:
६० ला सरसकट बाद करू नका. भर दुपारी, वरच्या चार-पाच मीटरात ऊन चांगलं असतं. तिथे खडकाजवळ लाटेची ओढ असते, मासे झपकन वळतात. ६० वर घेतलेलं ३० च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने छान चालतं. तळाशी मात्र ३०च.

टचस्क्रीन पाण्याखाली चालत नाही, म्हणून दोन्ही प्रीसेट (सेटिंगचे साठवलेले संच) किनाऱ्यावरच बनवा आणि खाली मोडच्या बटणाने बदला. अँटी-फ्लिकर (दिव्यांची लुकलुक टाळणारी सेटिंग) ५० हर्ट्झवर असेल तर २५/५० दिसेल, ६० वर ३०/६०. उन्हाला त्याने फरक पडत नाही, ट्यूबलाइटखाली पडतो. जे घ्याल ते सगळीकडे एकच ठेवा. २५ आणि ३० च्या क्लिप एकत्र जोडल्या की पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) चित्र अडखळतं.

वल्हवणकर:
स्टॅबिलायझेशन कमीत कमी पातळीवर ठेवा, अंधारात बंदच. शटर मंद असलं की फ्रेममधला पुसटपणा तसाच राहतो, फक्त हलणं काढलं जातं, आणि स्थिर चित्र मधूनच थरथरल्यासारखं दिसतं. दोन मुठींची ट्रे (कॅमेरा बसवायची पट्टी) घेतलीत तर त्याची गरजही कमी पडेल.

कार्ड: १०० एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ मध्ये जेमतेम ८० मिनिटं. कॅमेरा सलग चालू ठेवण्याची सवय असेल तर १२८ चं, व्ही३० छापाचं (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) घ्या.

फ्रेम रेट चढा असला की कॅमेरा जास्त तापतो. हाउसिंगमध्ये बोटीवरची दमट हवा अडकली असेल तर काच आतून धुकटते. बॅटरी-कार्ड घालून हाउसिंग एसी खोलीतच बंद करा, आत अँटी-फॉगची पट्टी ठेवा. ओ-रिंगवर (हाउसिंगची रबरी कडी) केस किंवा वाळूचा कण नाही ना, ते बोटाने फिरवून बघा.

सागरगोटा:
आभार! म्हणजे १२० विसरायचं. लाल फिल्टर घ्यावा का?

खोलपाणी:
१२० विसराच. लाल फिल्टर निळ्या, स्वच्छ पाण्यासाठी, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला चांगला दिवस मिळाला तर. हिरव्या पाण्याला मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) फिल्टर लागतो. दोन्ही उजेड खातात, म्हणून फिल्टर लावून ६० नको. वर येताना तीनेक मीटरवर काढून टाका, नाहीतर सगळं लालभडक येईल. पाणी गढूळ असेल तर फिल्टर बॅगेतच राहू द्या.