पंप तापला तर दोष पंपाचा नसतो: टक्कर-बिंदूजवळची उष्णता आणि बीमचा करंट

पोकळीवाला (मूळ धागा)

सुपरकेकबी या जपानमधल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्कर-यंत्रावरच्या मागच्या चर्चेत एकाने लिहिलं होतं: "टक्कर-बिंदूपाशी पंप तापत असेल तर पाणी फिरवा, दाब वाढत असेल तर आणखी एक पंप लावा. करंट मात्र कमी करायचा नाही." बरेच जण त्याखाली 'सहमत' लिहून गेले. मला हे अजिबात पटलेलं नाही, आणि उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

टक्कर-बिंदू म्हणजे दोन बीम (कणांचे झोत) जिथे एकमेकांवर आपटतात ती जागा, आणि पंप म्हणजे बीमच्या नळीतला उरलासुरला गॅस काढणारा पंप. तो तापतो तेव्हा बहुतेक वेळा बीमने मागे सोडलेली विद्युतचुंबकीय लहर पंपाच्या कप्प्यात शिरलेली असते. ती कुठून येते ते सापडून तिची वाट बंद होईपर्यंत करंट वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेचं जुनं टक्कर-यंत्र पेप-२ घेऊ. २.२ किलोमीटर परिघाची दोन कडी, एकात ९ जीईव्ही (कणाच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात ३.१ जीईव्हीचे पॉझिट्रॉन, आणि टक्करीच्या जागी, निघणारे कण टिपायला, बाबर डिटेक्टर. पॉझिट्रॉनचा करंट ३ अँपिअरच्या घरात गेला होता. सुमारे १७०० बंच (कणांचे गठ्ठे), दोन बंचमध्ये ४.२ नॅनोसेकंदांचं अंतर. असा बंच नळीतल्या एखाद्या पायरीवरून, बेलोजवरून (नळ्या जोडणारा लवचीक, घडीदार तुकडा) किंवा भरकटलेले कण अडवणाऱ्या कॉलिमेटरच्या जबड्याजवळून जातो तेव्हा थोडी ऊर्जा मागे टाकून जातो. समजा एखाद्या भागाचा लॉस फॅक्टर (बंचची किती ऊर्जा तिथे मागे राहते त्याचं माप) पिकोकुलोंबला ०.१ व्होल्ट आहे. करंटचा वर्ग गुणिले बंचमधलं अंतर गुणिले हा आकडा केलं की ३ अँपिअरला जवळजवळ ३.८ किलोवॉट येतात. म्हणजे घरातले दोन गिझर, त्या एका तुकड्यात.

ही ऊर्जा तिथेच जिरली तर पाणी फिरवून काम भागतं. पण ती नळीतून प्रवास करते. पंपासमोर जाळी असते, आणि बीमच्या दिशेने कापलेल्या लांबट फटी साध्या लहरीला अडवतात. ज्या लहरींचा भिंतीतला करंट आडवा वाहतो त्यांना मात्र त्याच फटी दार उघडून देतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराची जाळी आठवा. तिथे लहर २.४५ गिगाहर्ट्झची आणि भोकं बारीक. इथे १२ मिलिमीटरच्या बंचचा पट्टा ४ गिगाहर्ट्झ ओलांडून पुढे जातो आणि फटी बोटभर लांब. एक टक्का जरी आत गेला तरी ३८ वॉट झाले. सोल्डरिंग आयर्न हवा नसलेल्या डब्यात रात्रभर चालू ठेवल्यासारखं आहे ते. उष्णता वाहून न्यायला आत काहीच नसतं, दोन-चार स्क्रूंचे पाय सोडले तर.

आणि आत बसलेला असतो नेग पंप, म्हणजे गॅस शोषून धरणाऱ्या धातूचा पंप. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या त्या पट्ट्या कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन, ऑक्सिजन कायमचे धरून ठेवतात. हायड्रोजन मात्र आत विरघळलेला असतो, पट्टी तापली की परत बाहेर येतो. म्हणजे डिटेक्टरच्या सगळ्यात जवळचा पंपच गॅस सोडायला लागतो. तिथे आणखी एक पंप लावणं म्हणजे लहरीला आणखी एक खोली उघडून देणं.

शलाका

लहर, फटी, हायड्रोजन, या सगळ्याबद्दल वाद नाही. निष्कर्षाबद्दल आहे.

पेप-२ चं उदाहरण तुम्हीच दिलंत. त्या यंत्राने २००६ मध्ये आराखड्यातल्या ल्युमिनॉसिटीच्या (टकरी किती होतात त्याचं माप) चौपट गाठली. करंट न वाढवता ती मिळाली असती का? लोकांनी तापमानाचे आलेख बघत बघत, रोज थोडं थोडं पुढे ढकलत ती मिळवली. एप्रिल २००८ मध्ये पैशाच्या कपातीमुळे यंत्र ठरल्याआधी बंद झालं. 'आधी वाट सापडू दे, मग करंट वाढवू' म्हणून सहा महिने थांबले असते तर ते सहा महिने पुढे कुणी परत दिले नसते.

बी-मेसॉन या कणांमधला सीपी भंग (द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातला फरक) बाबर आणि जपानच्या केकबीवरचा (सुपरकेकबीच्या आधीचं यंत्र) डिटेक्टर बेल, दोघांनी २००१ मध्येच जाहीर केला. त्या शर्यतीत थांबणं परवडत नव्हतं. कोलाब्याच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) गटाने सुपरकेकबीवरच्या बेल-२ च्या सिलिकॉन डिटेक्टरच्या चौथ्या थराचं काम केलंय. अशा कामात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला विचारा डेटा उशिरा येणं म्हणजे काय ते. पंप थोडा तापला, बॅकग्राउंड (डिटेक्टरमधले नकोसे संकेत) थोडा वाढला, तर ते सोसावं. तेवढ्यासाठी बीम अडवू नये.

इंदूरकर

पोकळीवाले, तुमच्या 'बहुतेक वेळा' या शब्दांवर माझी हरकत आहे. मी कोलायडरवर काम केलेलं नाही, पण साठवण-कड्याच्या (बीम तासन्तास फिरवत ठेवणारं यंत्र) व्हॅक्यूममध्ये बरीच वर्षं घालवलीत. दाब वाढला की पहिला संशय लहरीवर घ्यायची सवय चुकीची आहे.

सुपरकेकबीचंच घ्या. २०१६ मध्ये पॉझिट्रॉन कड्यात दाब वाढला, बीम फुगला. कारण निघालं नळीत साचलेला इलेक्ट्रॉनचा ढग. बाकी नळीला टायटॅनियम नायट्राइडचा लेप होता, ॲल्युमिनियमच्या बेलोजना तो नव्हता. तिथे कायमचे चुंबक बसवल्यावर फरक पडला. त्या जागी लहर शोधत बसले असते तर वर्ष फुकट गेलं असतं.

आधी निदान करा. सिंक्रोट्रॉन प्रकाशाची (वळताना बीममधून निघणाऱ्या किरणांची) उष्णता करंटच्या सरळ प्रमाणात वाढते. लहरीची करंटच्या वर्गाने वाढते आणि बंचच्या संख्येने भागली जाते. म्हणून एकूण करंट तोच ठेवायचा आणि बंच निम्मे करायचे. तापमान हललं नाही तर प्रकाश, चढलं तर लहर. खात्री हवी असेल तर आरएफ व्होल्टेज (बीमला ऊर्जा देणारं) वाढवून बंच आखूड करा. लहर असेल तर आणखी चढेल.

दुसरी खूण घड्याळाची. बीम टाकून दिल्यावर आलेख बघा. ढगाचा गॅस बीमबरोबरच खाली येतो. तापलेल्या नेगचा दाब मात्र रेंगाळतो. थर्मोकपलचा (तापमान मोजणारा सेन्सर) आकडा उतरत जातो आणि दाब त्याच्या मागोमाग, दहा-पंधरा मिनिटं. दोन रेघा अशा हातात हात घालून उतरताना एकदा बघितल्या की माणूस विसरत नाही.

पोकळीवाला

इंदूरकर काका, हरकत मान्य. 'बहुतेक वेळा' मागे घेतो. बंच निम्मे करून बघण्याची चाचणी मूळ लेखातच यायला हवी होती.

शलाकाताई, तुम्ही 'थोडं थोडं पुढे ढकलत' म्हणालात, पण ढकलताना त्यांनी काय केलं ते गाळलंत. टक्कर-बिंदूजवळच्या एका बेलोजमध्ये त्यांनी नवा शोषक बसवला. बीमच्या बाजूला लांबट फटी, फटींमागे लहर जिरवणाऱ्या सिरॅमिकच्या फरशा, त्यांच्या पाठीला पाणी. म्हणजे ज्या वाटेने लहर पळायची तीच वाट मुद्दाम उघडी ठेवून पलीकडे सापळा लावला. तिथे येणाऱ्या ऊर्जेतली बरीचशी दूरच्या कॉलिमेटरमध्ये तयार व्हायची. पंपाला पाणी लावून हे कधी कळलं असतं?

झिर्कोनियम

मी पोकळीवाल्यांच्या विरुद्ध, पण वेगळ्या कारणाने. तापलेल्या नेगची भीती वाढवून सांगितली जातेय.

पहिलं: बीमचा कण गॅसच्या अणुकेंद्राजवळून जाताना ऊर्जा गमावतो तो परिणाम अणुक्रमांकाच्या वर्गाने वाढतो. हायड्रोजनच्या रेणूसाठी १ अधिक १, म्हणजे २. कार्बन मोनॉक्साइडसाठी ३६ अधिक ६४, म्हणजे १००. त्यामुळे हायड्रोजनचा दाब दसपट झाला तरी नुकसान तेवढ्याच मूळ दाबाच्या कार्बन मोनॉक्साइडपेक्षा कमीच. गेजवरचा आकडा बघून घाबरू नका, आत कुठला गॅस आहे ते बघा.

दुसरं: पट्टी मध्यम तापली तर पृष्ठभागावरचा कार्बन, ऑक्सिजन आत झिरपतो आणि पृष्ठभाग पुन्हा ताजा होतो. आपण नेग ॲक्टिव्हेट करतो तेव्हा हेच करतो. या मिश्रधातूंना त्यासाठी ४०० अंश लागतात, नळीच्या आतल्या टायटॅनियम-झिर्कोनियम-व्हॅनेडियमच्या लेपाला १८० ते २०० पुरतात.

पोकळीवाला

गणित बरोबर, पण ॲक्टिव्हेशनच्या वेळी बीम नसतो आणि निघणारा हायड्रोजन ओढायला बाहेर पंप चालू असतो. बीम चालू असताना तो जातो कुठे? शिवाय पट्टी एकटी तापत नाही. जाळी तापते, कप्प्याची भिंत तापते, आणि त्या धातूवर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला असतो. तुमच्या १०० च्या हिशेबातला गॅस तिथूनच निघतो.

बेलोजवाली

पुण्यात व्हॅक्यूमचं फॅब्रिकेशन करते. भौतिकशास्त्र तुम्ही बोला, मी धातूचं बोलते.

एकदा आमच्याकडे दुरुस्तीला एक बेलोज आला होता, कुठून ते सांगत नाही. आतली तांब्याच्या मिश्रधातूची बोटं, ज्यांच्यावरून बीमचा करंट पलीकडे जातो, त्यातली तीन टोकाशी निळसर-तपकिरी झाली होती. बाकीची चकचकीत. नखाने दाबलं तर चांगली बोटं उसळून परत यायची, ही तीन दाबली तिथेच राहायची. स्प्रिंगपणा गेला होता. बाहेरच्या भिंतीवर थर्मोकपल होता आणि त्याच्या नोंदीत काहीही वावगं नव्हतं.

म्हणून 'पाणी फिरवा' ऐकलं की मला राग येतो. पाणी बाहेरून फिरतं. बोट आत निर्वातात असतं, एका टोकाला धरलेलं, दुसऱ्या टोकाला नुसतं टेकलेलं. टेकणं सुटलं की तिथे ठिणगी, मग आणखी उष्णता, मग आणखी ढिलं. सर्नच्या एलएचसी या प्रोटॉन टक्कर-यंत्रात २०११ साली दुहेरी बेलोजमधली बोटं अशीच बिघडली, एक्स-रे काढल्यावर ती बीमच्या वाटेत लोंबलेली दिसली. २०२३ मध्ये पुन्हा बोटांना धरणारी स्प्रिंग तापून ढिली पडली आणि बंचमधल्या प्रोटॉनच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. सर्नसारख्या ठिकाणी हे होतं, तर शलाकाताई, 'थोडा तापला तर सोसावं' मधलं 'थोडा' कुठल्या थर्मामीटरवर मोजायचं?

शलाका

ताई, या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. आत बघता येत नाही हे खरं. पण सर्ननेही यंत्र बंद नाही ठेवलं, मर्यादा घालून चालवलंच.

पोकळीवाला

मर्यादा घालून चालवणं हेच तर मी म्हणतोय!

आता मूळ मुद्दा. दोन्ही बीमचे करंट एकत्र वाढवले तर ल्युमिनॉसिटी करंटच्या वर्गाने वाढते आणि बंचच्या संख्येने भागली जाते. इंदूरकर काकांनी लहरीच्या उष्णतेसाठी दिलेलं सूत्र पुन्हा वाचा. तेच आहे. करंट आणि बंच यांच्याशी कितीही खेळलात तरी ल्युमिनॉसिटीबरोबर उष्णता त्याच मापाने येणार. सुटका एकाच बाजूने आहे, बीम बारीक करणं. जपानच्या केकबीने २००९ मध्ये पेप-२ च्या पावणेदोनपट ल्युमिनॉसिटी दाखवली, आणि करंट? पॉझिट्रॉन १.६ आणि इलेक्ट्रॉन १.२ अँपिअर. पेप-२ मध्ये ३ आणि १.९ च्या आसपास होता.

शलाका

बारीक बीम फुकट मिळत नाही. बंचमधलेच कण एकमेकांवर आपटून बाहेर पडतात, आयुष्य मिनिटांवर येतं. मग डिटेक्टर वाचवायला कॉलिमेटरचे जबडे आणखी जवळ आणावे लागतात, आणि अरुंद जबडा म्हणजे पुन्हा तुमचीच लहर. सुपरकेकबी नेमकी इथेच झगडतेय. तिथला पॉझिट्रॉनचा आराखड्यातला करंट ३.६ अँपिअर होता, २०२४ पर्यंत तरी तो निम्म्याच्या वर गेलेला नव्हता.

इंदूरकर

दोघांनीही बेल-२ ची नळी बघा. मधे १० मिलिमीटर त्रिज्येचा बेरिलियमचा तुकडा, थंड करायला पॅराफिन. आत येणारी वाट निमुळती आहे, प्रकाश अडवायला. बाहेर जाणारी वाट मात्र मुद्दाम अरुंद केलेली नाही, कारण लहरीला तिथून निघून जाता आलं पाहिजे. हे कागदावर असतानाच ठरलं होतं. शलाकाताई म्हणतात तो काळ असा वाचतो, आणि पोकळीवाले म्हणतात ती वाटही आधीच ठरलेली असते.

शलाका

काका, नवं यंत्र बांधताना हे ठीक आहे. माझा प्रश्न चालू यंत्राचा आहे, जिथे नळी उघडायची तर डिटेक्टर मागे सरकवावा लागतो आणि महिने जातात. तिथे मी अजूनही बीम चालू ठेवीन.

बेलोजवाली

ठेवा. पण बंच निम्मे करून काकांची चाचणी आधी करा, आणि तो आलेख इथे टाका.